मिठाचे हात

१

डबीत हातोडी होती. पाकीट नव्हतं.

डॉक्टर इझोर व्हिल्मोंनी डबी उलटी करून झटकली, तळाचं कापड उचकटून पाहिलं आणि चष्म्यावरून समोरच्या तिघांकडे नजर टाकली. बाई साठीच्या, उंचीने जेमतेम पाच फूट, पण त्या नजरेने तळघरातला गारठा वाढल्यासारखा वाटला. सहा महिन्यांचं पोट सावरत सिदोनी चीजच्या फळ्यांना टेकून उभी राहिली.

"पाकीट ह्याच डबीत आहे, असं आन्सेल्मने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याची वाचा जायच्या दोन तास आधी. तळघराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?"

"तिघांकडे," दूध सोसायटीचा अध्यक्ष गास्पार म्हणाला. "माझ्याकडे, फळ्या घासणाऱ्या ह्या उगेतबाईंकडे आणि त्यांच्या सुनेकडे, म्हणजे ह्या सिदोनीकडे. म्हणजे चोर इथेच उभा आहे म्हणा की!"

तो एकटाच हसला.

आन्सेल्मने चाळीस वर्षं ह्याच तळघरात काढली होती. चीजचं चाळीस किलोचं चाक हातोडीने हलकेच ठोकायचं आणि आत कुठे पोकळी आहे ते आवाजावरून सांगायचं, हे त्याचं काम. लग्न केलं नाही, घर म्हणजे तळघरच. जानेवारीत त्याने दाढ काढली. तीन आठवड्यांनी ताप आला, डोकं ठणकायला लागलं, मग तो 'मीठ'ला 'बर्फ' म्हणायला लागला. मेंदूत गळू झालं होतं. दहा दिवसांपूर्वी शहरातल्या इस्पितळात तो वारला. पिकत्या चीजमधून सुटणारा चाळीस वर्षांचा अमोनिया डोक्यात भिनला, असा निकाल गावाने परस्पर देऊन टाकला होता.

"अमोनिया नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही दूध कशातून गाळता?"

"फडक्यातून," उगेत म्हणाली.

"आपलं फुप्फुस म्हणजे रक्त गाळायचं फडकं. बारीकशी गुठळी, दातातली घाण, सगळं तिथे अडतं. आन्सेल्मच्या फडक्याला जन्मापासून भोक होतं. दोन जातीच्या रक्तवाहिन्या एकमेकींना थेट जुळलेल्या, मधे गाळणीच नाही. दाढेतली घाण त्या भोकातून थेट मेंदूत गेली."

वरच्या फळीवरून मिठाच्या पाण्याचा थेंब पडला.

"हा रोग आईबापांकडून लेकरांत उतरतो. दोनातल्या एकात. आणि आन्सेल्म मला म्हणाला, बाई, ह्या खोऱ्यात माझं एक मूल आहे. त्याला माहीत नाही. नाव लिहून ठेवलंय, त्याला गाठा." बाईंनी डबी मिटली. "ते मूल गावात हिंडतंय. एखादा दात काढायचा अवकाश, किंवा बाळंतपणाचा. पोटुशी बाईत त्या जुळलेल्या वाहिन्यांची गाठ फुगते. फुटतेसुद्धा."

त्यांची नजर सिदोनीच्या पोटावर थांबली.

२

डॉक्टरीणबाईंनी वरच्या दूध मोजायच्या खोलीत ठाण मांडलं. एका हातात चीजचा तुकडा, दुसऱ्या हातात बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा ऑक्सिमीटर. चौकशी करताना बाई सतत काहीतरी खात असत, त्यामुळे समोरचा माणूस गाफील राहायचा.

पहिला गास्पार. जिना चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि गालांवर लाल शिरांचं जाळं होतं. सिदोनीला वाटलं, हाच! देवा, हाच असू दे!

"माझी आई देवमाणूस होती!" गास्पार उखडला. "आणि ह्या शिरा वाइनच्या आहेत, विचारा हवं तर कोणालाही."

"विचारायची गरज नाही, वास येतोय. उभेच राहा. बोट द्या." बाईंनी आकडा पाहिला. "सत्त्याण्णव. वजन कमी करा."

उगेतलाही उभ्याने सत्त्याण्णव. तिचा उजवा हात ॲप्रनच्या खिशातून काही बाहेर येत नव्हता, बोटसुद्धा तिने डाव्या हाताचं दिलं.

"आन्सेल्मला पोर?" ती म्हणाली. "चीजखेरीज कशाला हात लावायला वेळ होता का त्याला? काहीतरीच!"

"मरणाच्या दारातला माणूस काहीतरीच बोलत नाही, बाई."

"बरं, पण ओळखायचं कसं म्हणते मी? लक्षण काय त्याचं?"

"बहुतेकांचं नाक फुटतं. लहानपणापासून. आन्सेल्मच्या खिशात कायम लाल रुमाल असायचा ना?"

"असायचा." उगेतने श्वास सोडला. "मग प्रश्नच मिटला. ज्याचं नाक फुटत नाही त्याने घोर लावून घ्यायचं कारण नाही."

"मी बहुतेकांचं म्हणाले," बाई म्हणाल्या, पण उगेत तोवर जिन्यापाशी पोचली होती.

"आणखी कोण काम करतं इथे?" त्यांनी सिदोनीला विचारलं.

"माझा नवरा, रोमारिक," सिदोनी म्हणाली. "आठच महिने झालेत. आधी लाकडाचा ट्रक चालवायचा. आत्ता माळ्यावर आडवा झालाय. दाढ दुखतेय त्याची."

"तो कधी आडवा नसतो?" गास्पार खालून ओरडला. "दोन चाकं उचलली की हा पसरला! सोसायटीने त्याला कामावर ठेवलाय की बिछान्यावर, तेच कळत नाही."

बाईंचा गुडघा दुखत होता. त्यांनी ऑक्सिमीटर सिदोनीच्या हातात दिला. चार पायऱ्या चढून ती माळ्यावर गेली. रोमारिक रिकाम्या पोत्यांवर उताणा पडून गाल दाबत होता. तिने त्याचं बोट हातात घेतलं. टोकाला फुगीर आणि गोल, नख पुढे वळलेलं. गावात असल्या हातांना मिठाचे हात म्हणत. वर्षानुवर्षं मिठाच्या पाण्याने चीज घासणाऱ्याचे होतात तसे. आन्सेल्मचेही तसेच होते.

"पंच्याण्णव!" तिने वरून सांगितलं.

"नाकाचं विचार."

"नाक फुटतं का रे तुझं?"

"नाही बुवा," रोमारिक म्हणाला आणि कुशीवर वळला. "गुरुवारी दुपारी तीनला दाढ काढतायत. तोपर्यंत मला कोणी काही विचारू नका."

"नाही म्हणतोय!" ती खाली उतरली. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि तुझं?"

जिन्याच्या तोंडाशी उगेत उभी होती. सुनेकडे टक लावून बघत होती.

"नाही," सिदोनी म्हणाली.

ते खोटं होतं. चौथा महिना लागल्यापासून तिचं नाक फुटत होतं.

३

भीती एकदा पोटात शिरली की जेवणाला जागा ठेवत नाही. त्या संध्याकाळी रोमारिकने बटाट्यावर वितळलेलं चीज ओतून दिलं, ते तिने तसंच ताटात ठेवलं.

बाप तिने पाहिलाच नव्हता. आई त्याच तळघरात आन्सेल्मच्या हाताखाली काम करायची. सिदोनी बारा वर्षांची असताना ती वारली. मग आन्सेल्मने तिला चाक ठोकायला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी कामावर घेतलं आणि स्वतःची जुनी हातोडी दिली. "तुझा कान माझ्यासारखा आहे," असं म्हणाला होता. तेव्हा तिला आनंद झाला होता. आता त्या वाक्याने तिच्या अंगावर काटा येत होता. मीच ती! आणि पोटातलं हे?

"काय झालंय तुला?" रोमारिकने विचारलं.

"काही नाही. तुझी दाढ?"

"आहे की तिथेच. गुरुवारपर्यंत भाड्याने राहतेय."

तिला हसू आलं नाही. नेहमी ती त्याच्या पाठीला कान लावून झोपायची. आतून बारीक झुळझुळ ऐकू यायची, बर्फाखालून पाणी वाहावं तशी. त्याने श्वास घेतला की जरा मोठी व्हायची. लग्नापासून त्या आवाजावरच तिला झोप लागायची. पण त्या रात्री, सोमवारी, जळजळीने आडवं होववेना. तिने लांब उशीला धुतलेला अभ्रा घातला आणि स्वतः चुलीजवळच्या खुर्चीत बसून राहिली. पलंगावर दोघांत मिळून ती एकच आडवी उशी, ह्या खोऱ्यातल्या सगळ्या घरांत असते तशी.

सकाळी अंथरूण आवरताना अभ्र्याच्या मधोमध नाण्याएवढा ताजा लाल डाग होता.

पुन्हा! तिने अभ्रा ओरबाडून काढला, थंड पाण्यात बुडवला आणि घासत सुटली. मागे चाहूल लागली म्हणून वळली, तर दारात उगेत.

"तुझंच ना ते?" सासूने विचारलं.

सिदोनीला रडू कोसळलं. "डॉक्टरीणबाईंना सांगू नका, आई."

उगेतच्या चेहऱ्याकडे पाहून तिला नवल वाटलं. सासू घाबरली नव्हती. जीव भांड्यात पडल्यासारखी दिसत होती. क्षणभरच. मग तिने सुनेला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"सांग त्यांना," ती म्हणाली. "तू जा आणि सांग, पोरी. उशीर नको करू."

४

गुरुवारी सकाळी इस्पितळाच्या अंधाऱ्या खोलीत सिदोनी डाव्या कुशीवर झोपली होती. दंडात सुई, छातीवर सोनोग्राफीची थंड मूठ, समोर पडद्यावर तिचं स्वतःचं हृदय उघडझाप करत होतं.

"आता मिठाचं पाणी बारीक बुडबुडे करून शिरेत सोडणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी ते हृदयाच्या उजव्या बाजूला येतील. फडकं धड असेल तर फुप्फुसात विरून जातील. भोक असेल तर तीनचार ठोक्यांनी डाव्या बाजूला उगवतील."

"आणि उगवले तर?"

"तर मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक नळी घालून त्या भोकात धातूची चिमुकली स्प्रिंग ठेवायची. भोक बंद. पोटुशी असलीस तरी करता येतं. मोज."

उजवी बाजू पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली. सिदोनीने दात आवळले. एक. दोन. तीन. चार. डावी बाजू काळीच. सात. आठ. काळीच!

"तू नाहीस," बाई म्हणाल्या.

सिदोनी इतकी मोठ्याने रडली की बाहेरची नर्स धावत आत आली.

५

परतताना घाटात दोन्हीकडे बर्फाचे ढीग होते. डॉक्टरीणबाई गाडी चालवता चालवता चॉकलेट खात होत्या.

"पोटुशीपणात पुष्कळ जणींचं नाक फुटतं. बाळंत झालीस की थांबेल. पण मग माझं गिऱ्हाईक कोण? पाकीट नेणाऱ्याला ते माहीत आहे, आणि तो ताकास तूर लागू देत नाहीये."

सिदोनीला आता काहीही बोलावंसं वाटत होतं. "मी उगाच घाबरले हो. पण रक्त किती यायचं! सोमवारी धुतलेला अभ्रा घातला, मंगळवारी सकाळी परत डाग. आणि मी तर रात्रभर खुर्चीत..."

ती थांबली.

"खुर्चीत?" बाईंनी विचारलं.

"मी रात्रभर पलंगावर गेलेच नाही," सिदोनी हळूच म्हणाली.

गाडीचा वेग कमी झाला.

"पलंगावर कोण होतं?"

"रोमारिक. पण त्याचं नाक फुटत नाही. तो म्हणाला."

"पोटुशी बायको समोर भेदरून उभी. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? तू स्वतःच काय म्हणालीस?" बाईंनी चॉकलेट ठेवून दिलं. "पंच्याण्णव आकडा आला तेव्हा तो आडवा होता. मी बाकीच्या दोघांना उभं करून मोजलं, त्याला नाही. चूक माझी. ही गाठ फुप्फुसाच्या तळाशी असते, उभं राहिलं की रक्त तिकडेच धावतं. आडवं झालं की माणसाला बरं वाटतं. बोटं कशी आहेत त्याची?"

"मिठाचे हात आहेत. टोकं गोल, फुगलेली. सगळ्या तळघरवाल्यांचे..."

"तुझे दाखव."

सिदोनीने हात पुढे केले. सहा वर्षं मिठात भिजलेले. भेगाळलेले, लाल, आणि नखं सपाट.

"मिठाने कातडी फाटते. बोटांची टोकं फुगत नाहीत. ती फुगतात वर्षानुवर्षं रक्तात प्राणवायू कमी पडला की. तुम्ही सगळ्यांनी चाळीस वर्षं आन्सेल्मचा रोग मिठाच्या नावावर खपवलात!" बाईंचा आवाज चढला. "आठ महिन्यांपूर्वी कसे होते ह्याचे हात?"

सिदोनीने मोबाइलवर लग्नाचा फोटो उघडला. दोन वर्षांपूर्वीचा. रोमारिक हसत होता, तिच्या पांढऱ्या खांद्यावर त्याचा हात होता. तेव्हा तो ट्रक चालवायचा, मिठाला त्याने हातही लावला नव्हता. फोटो मोठा केला. पाचही बोटांची टोकं गोल होती.

आणि ती झुळझुळ! "बाई, त्याच्या पाठीत आवाज येतो. पाण्यासारखा. श्वास घेतला की वाढतो. मी त्यावर झोपते."

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. "आत्ता कुठे आहे तो?"

सिदोनीने घड्याळ पाहिलं. तीनला वीस मिनिटं कमी होती.

"दाढ काढायला गेलाय."

६

रोमारिकचा फोन बंद होता. दंतवैद्याचा वाजत राहिला. पुढचा रस्ता बाईंनी कसा कापला ते सिदोनीला पाहवलं नाही. ती दोन्ही हातांनी पोट धरून डोळे मिटून बसली होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी ती दार ढकलून आत घुसली. रोमारिक खुर्चीत आडवा, तोंड वासलेलं, दंतवैद्याच्या हातात चिमटा.

"थांबा!" ती किंचाळली. "हात लावू नका त्याला!"

"बाईसाहेब, पुढच्या पेशंटची वेळ सव्वाचारची—" दंतवैद्य गांगरला.

डॉक्टरीणबाई धापा टाकत मागून आल्या आणि काही न बोलता रोमारिकच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. पंच्याण्णव.

"मी मजेत आहे," अर्ध्या बधिर तोंडाने तो म्हणाला. "ही खुर्ची फार छान आहे."

"असणारच. आता उभा राहा."

तो उभा राहिला. आकडा उतरायला लागला. त्र्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. दंतवैद्य चिमटा हातात धरून बघत राहिला. पंच्याऐंशीवर आकडा थांबला. रोमारिकचे ओठ जांभळे दिसत होते. रोज दिसायचे, आणि रोज सिदोनी म्हणायची, थंडी आहे, टोपी घाल.

"नाक फुटतं?" बाईंनी विचारलं.

रोमारिकने बायकोकडे पाहिलं. "लहानपणी नाही फुटायचं. दोनेक वर्षं झाली. बाहेर जाऊन बर्फाने धुतो." मग पुटपुटला, "ती आधीच घाबरलेली असते."

"दाढ काढू, पण आधी जंतुनाशक औषध देऊन, माझ्या देखरेखीखाली," बाई दंतवैद्याला म्हणाल्या. "आज नाही. आज हा माझ्याबरोबर येतोय."

त्या संध्याकाळी इस्पितळातून सिदोनीने सासूला फोन केला. कशी सुरुवात करावी ते तिला कळेना. शेवटी एवढंच म्हणाली, "आई, ते पाकीट घेऊन या."

पलीकडून उगेतने फोन ठेवला.

उगेत आली ती कामाच्या ॲप्रनवरच. खिशातला उजवा हात आता बाहेर आला. पाकीट चुरगळलेलं होतं, पण फाडून टाकलेलं नव्हतं. आत एकच ओळ होती: 'उगेतचा मुलगा. त्याचे हात माझे आहेत.'

"मी त्याला लहानपणापासून बघत होते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "रोज बघायचे, नाक फुटतंय का. आन्सेल्मचं सारखं फुटायचं. ह्याचं नाही. मला वाटलं, हा सुटला. मग कशाला त्याचा बाप हिरावून घेऊ? ज्याने वाढवला तो माणूस चांगला होता हो. आणि सिदोनीच्या अभ्र्यावर डाग पाहिला तेव्हा..." तिने तोंड झाकून घेतलं. "तेव्हा मला बरं वाटलं. आन्सेल्मचं हिच्या आईशीही असेल, ही असेल, माझा नाही. देवाने मला कधी माफ करू नये!"

सिदोनीला राग आला. खूप आला. दंतवैद्याच्या हातातला तो चिमटा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण "तू जा आणि सांग, पोरी" हेही उगेतच म्हणाली होती. तिने बाकावर सरकून सासूला जागा करून दिली. उगेत बसली.

७

मंगळवारी रोमारिकला आत नेलं. तो पूर्ण जागा होता. मांडीच्या सांध्यातून नळी वर गेली, हृदयातून फुप्फुसात शिरली, आणि डॉक्टरीणबाईंच्या माणसांनी केसाएवढ्या तारेच्या स्प्रिंगा एकामागून एक त्या गाठीच्या तोंडाशी बसवल्या. बाहेर काचेमागून सिदोनी फक्त आकडा बघत होती. पंच्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव.

रोमारिकने मान वळवून काचेकडे पाहिलं. त्याचे ओठ गुलाबी होते. दोन वर्षांच्या संसारात ते तसे तिने कधी पाहिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात घरी आल्यावर जेवणानंतर तो सवयीने पडला आणि तिने सवयीने पाठीला कान लावला. आत काहीच नव्हतं. श्वास आणि ठोके, बस्स. ती झुळझुळ, जिच्यावर ती दोन वर्षं निर्धास्त झोपत आली होती, थांबली होती. तिचा डोळा लागला नाही. ती नुसती ऐकत राहिली.

मुलगी मे महिन्यात झाली. नाळेतलं रक्त तपासायला गेलं. दोनात एक, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पाच आठवडे घरात तो विषय कोणी काढला नाही. सिदोनी मात्र दिवसातून दहा वेळा लेकीच्या एवढ्याशा पाठीला कान लावायची.

मग एका दुपारी पोस्टमनने उगेतच्या हातात इस्पितळाचं पाकीट दिलं. ती ते दोन्ही हातांत धरून, कोणालाही हाक न मारता, सरळ स्वयंपाकघरात आली आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"मी उघडलेलं नाही," ती म्हणाली.

"तुम्हीच उघडा, आई," सिदोनी म्हणाली.

उगेतने चष्मा लावला. कागद वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने कागद खाली ठेवला, आणि विचारायची गरज उरली नाही.

"आहे," ती तरीही म्हणाली. मोठ्याने आणि स्पष्ट.

रोमारिकने पाळण्यातून मुलीला उचललं, तिच्या बोटांची टोकं एकेक करून निरखली आणि तिने जांभई दिली तेव्हा तिच्या बोळक्या हिरडीवरून बोट फिरवलं.

"मला तीस वर्षं लागली कळायला," तो म्हणाला. "हिला अजून एक दातही आलेला नाही."